नवी कयाक घ्यावी की जुनीच बरी?

प्रश्न : माझी कयाक (वल्ह्याची अरुंद छोटी होडी) बारा वर्षांची आहे, रुंदी ७२ सेंटीमीटर. बसून गळ टाकतो, एकटाच जातो. आता नवी बघायला गेलो, तर सगळ्या खाटेएवढ्या रुंद, पायांनी चालणाऱ्या, वर मोटारीची सोय! कयाक एवढी का बदलली? आणि मी बदलू का?

उत्तर : वल्ह्याला मी वल्हंच म्हणणार. पॅडल आणि पायाचं पेडल यांत माझाच घोळ होतो.

सुरुवातीला कंपन्या साधी कयाक घ्यायच्या, पाठीमागे गळाच्या काठ्या खोचायला दोन नळ्या बसवायच्या आणि तिला मासेमारीची म्हणून विकायच्या. पुढे गिऱ्हाईक उभं राहायचं म्हणू लागलं. उभ्याने पाण्यातलं जास्त दिसतं, गळही लांब जातो. पण माणूस उभा राहिला की वजन वर जातं आणि तोल बिघडतो, उंच खुर्चीतही तेच. तो सावरायला रुंदी वाढवली. काही मॉडेलं आज ९० सेंटीमीटरच्या पुढे आहेत. एवढं धूड वल्ह्याने रेटायचं म्हणजे खांद्यांचं काम तमाम. मग पेडलला भाव आला. होबी कंपनीचं मिराज ड्राइव्ह हे पेडलचं यंत्र १९९७ सालचं, पाण्याखाली दोन पंख हलवणारं. पण त्याची खरी चलती झाली ती या रुंद कयाकांमुळे. दुसरा प्रकार फिरत्या पंख्याचा (प्रोपेलरचा), त्यात पेडल उलटं फिरवलं की कयाक मागे येते. वारा सुटलेला असताना हात मोकळे ठेवून एका जागी थांबता येतं, हे सुख मी नाकारणार नाही.

बाकीचे बदल सोयीचे. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, त्याच्या सेन्सरसाठी तळाला खाचा आल्या, काठावर सामान अडकवायच्या पट्ट्या आल्या, ड्रिल लागत नाही. लिथियम बॅटरी जुन्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही हलकी, म्हणून मोटार परवडू लागली. वजनाच्या दृष्टीने म्हणतोय, खिशाच्या नव्हे.

आता जाहिरातीत बारीक अक्षरात असतं ते. मी अशीच एक पन्नास किलोंच्या वरची घेतली. पाण्यात राणी. पण एकट्याने गाडीच्या टपावर चढवताना एकदा पाठ धरली ती तीन आठवडे. त्या मोसमात मी जुन्याच कयाकने जास्त वेळा गेलो. गिऱ्हाइकांच्या पाठी बहुधा माझ्यासारख्याच असाव्यात, कारण हलक्या आणि हवा भरायच्या कयाकही आता जोरात आहेत.

तुम्ही बसून, एकट्याने जाता. तेव्हा जुनीच ठेवा. चांगली उंच खुर्ची लावायचा मोह होईल, तो आवरा. ७२ सेंटीमीटरवर ती उलटवेल. मी उलटलोय, काठी अजून तळाशी आहे. एक पट्टी बसवा, फिश फाइंडर लावा, पुरे. घ्यायचीच असेल तर दुकानात बसून बघू नका, उचलून बघा.

प्रश्न : हवा भरायची कयाक गळाने फुटते का?

उत्तर : चांगल्या जाड थराची सहसा नाही. माशाच्या काट्यांची आणि धारदार खडकांची धास्ती जास्त. त्याहून मोठा शत्रू ऊन : हवा फुगते आणि शिवण उसवते. किनाऱ्यावर ठेवताना थोडी हवा सोडा. मी एकदा जेवायला बसलो आणि विसरलो.