बारशाआधी बाळाचे फोटो काढायला शिकायचे आहे, सुरुवात कुठून करू?

साधा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स आहे, आणखी काय घेऊ, असं विचारलंय तुम्ही. लेन्स नको. टी-शर्टासारखी ताणणारी चार-पाच कापडं घ्या आणि आधी तीनेक किलोच्या बाहुलीवर गुंडाळायचा सराव करा. या कामात कॅमेरा कमी, बाळ हाताळणं जास्त. गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, खुब्याच्या सांध्याला ते वाईट. गुडघे दुमडलेले, थोडे फाकलेले राहू द्या.

पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळ गाढ झोपतं आणि सहज मुटकुळं करून पडतं. पुढे पुटकुळ्या येतात, हातपाय ताणणं वाढतं. म्हणजे बाराव्या दिवशी बारसं असेल तर आधीचा आठवडा गाठा. नाळ पडलेली नसेल तर तिला हात लावू नका, दुपट्याखाली झाका.

खोली २७-२८ अंशांवर हवी. तुम्हाला घाम येईल, येऊ दे. बाळाची मान घामेजली तर मात्र हीटर कमी करा. शेगडी किंवा धुरी पेटलेली असेल तर ती विझून धूर निघून जाईपर्यंत थांबा. दूध पाजल्यावर ढेकर काढून पंधरा-वीस मिनिटं उभं धरावं, मगच आडवं करावं. ठेवताना आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं, आणि हात लगेच काढू नका. छाती-पोटावर तळहात थोडा वेळ तसाच ठेवा. डोकं आधी सोडलं की बाळ दोन्ही हात फेकून दचकतं, आणि पुन्हा झोपवण्यात अर्धा तास जातो.

उजेड खिडकीचा, तिच्यावर पांढरा पातळ पडदा, बाळ तिथून तीन-चार फुटांवर. उजेड कपाळाकडून हनुवटीकडे तिरका उतरावा, नाकाची सावली ओठांकडे पडावी. पाय खिडकीकडे केले की हनुवटी खालून उजळते आणि गोंडस बाळही भुतासारखं दिसतं. ट्यूबलाइट बंद. कावीळीने पिवळसर झालेल्या कातडीवर दोन रंगांचे उजेड मिसळले की नंतर काही केल्या दुरुस्त होत नाही. (पिवळेपणा पोट-पायांपर्यंत दिसला, किंवा बाळ नीट पीत नसेल, तर फोटो राहू द्या, आधी डॉक्टर.) गडद गुलाबी भिंत किंवा आजीची लाल साडीही गालावर रंग टाकते.

लेन्सचं छिद्र एफ/२.८ ते ४, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) लागेल तेवढा, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). याहून उघडं छिद्र ठेवलं तर पापण्या स्पष्ट आणि नाक धूसर होतं. या वयाची कातडी लालसर असल्यामुळे हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे उजव्या कडेला टेकून तपशील जातो, तो बघून एक्स्पोजर ठरवा. वरून काढायचा असेल तर बाळ जमिनीवरच्या गादीवर ठेवा, म्हणजे ५० मिमीतही पूर्ण मावतं. कॅमेऱ्याचा पट्टा तेव्हा गळ्यात हवाच.

हातपाय जांभळे दिसू लागले तर पोझ सोडा, रक्त नीट पोचत नाहीये. हनुवटी तळहातांवर टेकवलेली जी पोझ सगळ्यांना हवी असते, ती मुळात दोन फोटो जोडून होते: एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. बाळाला एकट्याने तसं कधीच बसवत नाहीत. शिकण्याचं पहिलं वर्षभर तरी त्या वाटेला जाऊ नका.