गुणोत्तर १.२ आलं, तर ५ने गुणायचं का?

प्रश्न : मॅग्नेशिअमची फीत मुशीत जाळून ऑक्साइडचा एम्पिरिकल फॉर्म्युला (अणूंचं सर्वांत साधं पूर्णांकी गुणोत्तर) काढला. झाकणासह रिकामी मूस २८.४२ ग्रॅम, फीत ठेवल्यावर २८.६६, जाळून झाल्यावर २८.७९. मॅग्नेशिअम आणि ऑक्सिजनच्या मोलचं (अणूंची संख्या मोजायच्या एककाचं) गुणोत्तर १.२ : १ आलं, म्हणून ५ने गुणून ६ : ५ लिहिलं. ते चूक ठरलं. का?

उत्तर : तुमची आकडेमोड बरोबर आहे. ०.२४ ग्रॅम मॅग्नेशिअमला त्याच्या अणुभाराने, २४.३ने, भागलं की ०.००९९ मोल, ०.१३ ग्रॅम ऑक्सिजनला १६ने भागलं की ०.००८१. अडचण तराजूची आहे. तो ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि ऑक्सिजनचं वजन दोन नोंदींच्या वजाबाकीतून येतं, म्हणजे ते ०.१२ किंवा ०.१४ही असू शकेल. एवढ्यानेच गुणोत्तर १.३ ते १.१ असं सरकतं. अशा आकड्याला ५ने गुणून काही सिद्ध होत नाही. १.५ आलं तर २ने, १.३३ला ३ने गुणावं, तेही मोजमाप तेवढं भरवशाचं असेल तरच. ०.००१ ग्रॅमचा तराजू मिळाला तर उत्तमच.

तरीही खरा फॉर्म्युला MgO, म्हणजे १ : १ आहे आणि त्यासाठी ऑक्सिजन ०.१६ ग्रॅम हवा होता. तो कमीच का भरला, हे महत्त्वाचं. या प्रयोगातल्या बहुतेक चुका त्याच दिशेने नेतात. फीत घासून चकचकीत केली नाही, तर तिच्यावरचा जुना ऑक्साइड मॅग्नेशिअम म्हणून मोजला जातो. रिकामी मूस आधी तापवून घेतली नाही, तर तिच्यातला ओलावा नंतर उडतो. झाकण फार उघडलं की पांढरा धूर, म्हणजे तुमचा ऑक्साइडच, निघून जातो. अजिबात उघडलं नाही तर आतली फीत अर्धवट जळते. चिमट्याने क्षणभर किंचित उचलायचं आणि लगेच ठेवायचं. गरम मूस तराजूवर ठेवली, तर वर चढणाऱ्या हवेमुळे ती हलकी भासते.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते नायट्राइडकडे. थोडं मॅग्नेशिअम हवेतल्या नायट्रोजनशी जुळतं. ३ मोल मॅग्नेशिअम ४८ ग्रॅम ऑक्सिजन घेतं, पण नायट्रोजन फक्त २८ ग्रॅम, म्हणजे वजन कमी भरतं. म्हणून मूस पूर्ण थंड झाल्यावर राखेवर डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब टाका. हलकं तापवताना अमोनियाचा वास आला, तर नायट्राइड होतं. मग आधी मंद आचेवर पाणी उडवा, नाहीतर राख उसळून बाहेर पडेल. त्यानंतर १० मिनिटं जोरात तापवा. आच कमी पडली तर पाण्यामुळे तयार झालेलं हायड्रॉक्साइड तसंच उरतं आणि वजन उलट जास्त भरतं. थंड करा, तोला, पुन्हा तापवा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की तोच आकडा गणिताला घ्या.