दुसऱ्या गाडीतला, त्याच मॉडेलचा जुना ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवला तर गाडी सुरू होईल का?

नुसता बसवून बहुतेक गाड्या सुरू होणार नाहीत. स्टार्टर फिरला तरी इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही आणि इंधन बंद राहतं. चावीचा कोड ईसीयूच्या मेमरीशी जोडलेला असतो, म्हणून आधीच्या ईसीयूतला डेटा यात उतरवावा लागतो किंवा स्कॅनरने (ईसीयूशी बोलणाऱ्या यंत्राने) नव्याने जोडणी करावी लागते. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाडीत एवढं पुरतं.

पण ईसीयूच गेलाय हे नक्की का? बऱ्याचदा बिचारा निर्दोष असतो. सेन्सरची ५ व्होल्टची लाइन शॉर्ट झाली तरी तो मेल्यासारखा वागतो. त्या लाइनवर मीटर लावून सेन्सरचे सॉकेट एकेक काढा. जो सेन्सर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर. ईसीयूचं ग्राउंडही (अर्थिंगची वायर) तपासा.