लिनक्स लॅपटॉप हाताला चटका देतोय, तरी 'सेन्सर्स' कमांड कायम २७.८ अंशच दाखवते. सेन्सर गेला का?

नाही, सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे, तुम्ही भलतीच ओळ वाचताय. हा २७.८ 'एसीपीआयटीझेड' या नावाखाली दिसत असणार. लिनक्स ते तापमान लॅपटॉपच्या फर्मवेअरला (बोर्डावरच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरला) विचारून घेतं आणि फर्मवेअर ते केल्विनच्या दशांशांत सांगतं. काही लॅपटॉपांत तिथे मोजमाप नसतंच, ३०१० हा आकडा नुसता लिहून ठेवलेला असतो. त्यातून २७३२ (म्हणजे शून्य अंश सेल्सिअस, केल्विनच्या दशांशांत) वजा करून दहाने भागा: २७.८. मे महिना असो की डिसेंबर, तेच! प्रोसेसरचं खरं तापमान इंटेलवर 'कोअरटेम्प'खालच्या 'पॅकेज आयडी ०' या ओळीत असतं, एएमडीवर 'के१०टेम्प'खालच्या 'टीसीटीएल'मध्ये. या ओळीच नसतील तर 'सेन्सर्स-डिटेक्ट' ही सेन्सर शोधणारी कमांड सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारा शब्द) पुढे लावून चालवा. ती बरेच प्रश्न विचारते, नुसतं एंटर दाबत गेलात तरी चालतं. खात्री करायची तर एका टर्मिनलमध्ये 'वॉच सेन्सर्स' चालू ठेवा आणि दुसऱ्यात एखादं जड काम लावा. खरी ओळ काही सेकंदांत उडी मारेल, २७.८ जागचा हलणार नाही. वायफायच्या ओळीत 'एन/ए' दिसलं तर घाबरू नका, वायफाय बंद असलं की तसंच येतं. मात्र 'एसीपीआयटीझेड' सगळ्याच लॅपटॉपांवर खोटा नसतो. लोड दिल्यावर तो आकडाही वर चढत असेल, तर तुमच्याकडे तो खरोखर मोजतोय. फक्त ते तापमान बोर्डावरच्या दुसऱ्याच जागेचं असू शकतं.