वाचक विचारतात : लॅपटॉप नक्की कुणाकडे आहे?

प्रश्न : चाकणजवळ आमचं सुट्या भागांचं युनिट आहे. ५५ माणसं, ७० लॅपटॉप-डेस्कटॉप, शिवाय प्रिंटर, स्विच, बारकोड स्कॅनर. नोंद एक्सेलमध्ये तिघे जण करतात आणि एकाचीही दुसऱ्याशी जुळत नाही. नोंदीसाठी स्नाइप-आयटी हे सॉफ्टवेअर घ्यावं की जीएलपीआय? दोन्ही फुकट आहेत असं कळलं.

उत्तर : फुकट म्हणजे लायसन्सचे पैसे नाहीत, एवढंच. सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट करणारा माणूस तुमचाच.

दोघांची कामं वेगळी आहेत. स्नाइप-आयटी हे डेडस्टॉक रजिस्टरच समजा : वस्तू कुणाला दिली, कधी परत आली, पोच मिळाली का. नेटवर्कवर ते स्वतःहून काही शोधत नाही. जीएलपीआयचा एजंट, म्हणजे माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम, मशिनवर बसवला की रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर, सिरियल नंबर आपोआप येतात, तक्रारींची तिकिटंही तिथेच. पण कपाटात बंद पडलेल्या लॅपटॉपबद्दल एजंट मुका असतो. शिवाय असेंबल केलेल्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) बऱ्याचदा सिरियल नंबर भरलेलाच नसतो. त्या जागी ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’सारखा मजकूर सगळ्या मशिनवर सारखाच येतो आणि नोंदी एकमेकींत मिसळू शकतात. तुमचं दुखणं ‘कुणाकडे’ हे आहे, म्हणून स्नाइप-आयटी घ्या. दोन्ही एकदम तर मुळीच नको.

जुनं एक्सेल भरण्याआधी सिरियल नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ करा आणि नंबर मशिनवरून पुन्हा टिपा. डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो. सहा आकडे आणि मध्येच इंग्रजी ‘ई’ आला, तर एक्सेल त्याला घातांकी संख्या समजून बदलून टाकतं. ००४७ चे ४७ होतात ते वेगळंच. मालमत्ता क्रमांकात विभाग किंवा मजला घालू नका. लॅपटॉप स्टोअरमधून क्वालिटीत गेला की क्रमांकच खोटा ठरतो.

लेबल छापायच्या आधी सर्व्हरला कायमचं नाव द्या. स्नाइप-आयटीच्या क्यूआर कोडमध्ये त्या नोंदीचा वेब पत्ता असतो. तिथे नावाऐवजी आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) राहिला आणि उद्या सर्व्हर बदलला, तर सत्तरच्या सत्तर स्टिकर निकामी. क्यूआरखाली क्रमांक वाचता येईल असा हवाच. कागदी थर्मल लेबल लॅपटॉपच्या उष्णतेने काळवंडतं. पॉलिएस्टर लेबल आणि रेझिन रिबन वापरा, आणि हवेची जाळी सोडून चिकटवा.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फायली तर घ्याच, पण ‘डॉट ईएनव्ही’ या सेटिंगच्या फाइलमधली ॲप-की (एन्क्रिप्शनची किल्ली) विसरू नका. ती हरवली तर एन्क्रिप्ट केलेले रकाने पुन्हा उघडत नाहीत.

आता खरी मेख. नोंद बिघडते ती तीन वेळा : माणूस रुजू होताना, सोडताना आणि मशिन दुरुस्तीला जाताना. परत घेतल्याची नोंद झाल्याशिवाय एचआरने फुल अँड फायनल (सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब) करू नये, हा नियम मालकाच्या सहीने काढा. दुरुस्तीला गेलेल्याला ‘पेंडिंग’ स्थिती द्या, भंगारात गेलेल्याला ‘आर्काइव्ह’. नोंद डिलीट करू नका, सीए जुनं बिल मागतातच. भरणारा एकच, बाकीच्या दोघांना फक्त पाहण्याची परवानगी.

प्रश्न : स्नाइप-आयटीतच घसारा निघतो. तोच ताळेबंदात धरावा का?

उत्तर : नको. तो अंदाजापुरता ठीक. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉप-डेस्कटॉपचं आयुष्य ३ वर्षं, सर्व्हर आणि नेटवर्कचं ६ वर्षं धरलं आहे. आयकरात मात्र संगणकांना घटत्या शिलकीवर ४० टक्के दर आहे आणि तो एकेका वस्तूवर नव्हे, गटावर मोजतात. हिशेब टॅलीतच राहू द्या. स्नाइप-आयटीत फक्त बिल क्रमांक आणि खरेदीची तारीख भरा. एका बिलात दहा लॅपटॉप आले असतील तर तोच क्रमांक दहाही नोंदींत टाका.