अमेरिकेच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवणे सक्तीचे आहे का?

देशभर लागू असलेली सक्ती नाही, कारण तेथे अभ्यासक्रम राज्ये आणि स्थानिक शाळा मंडळे ठरवतात. फिलाडेल्फिया शहराने २००५ मध्ये या इतिहासाचा वर्षभराचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळा उत्तीर्ण होण्यासाठी अनिवार्य केला. फ्लोरिडात तर १९९४ पासून कायदा आहे; पण नुसत्या कायद्याने भागत नाही, कारण त्याच राज्याने २०२३ मध्ये सहावी ते आठवीसाठी केलेल्या निकषांत, गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरू शकत होती, असे स्पष्टीकरण घातले. ज्या माणसाची मुलेबाळेसुद्धा विकली जात, त्याच्या सुतारकामाचा असा हिशेब मांडणे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला कृष्णवर्णीयांचा इतिहास सप्ताह १९७६ पासून फेब्रुवारीभर पाळला जातो, आणि बऱ्याच वर्गांत हा विषय त्या महिन्यापुरताच उरतो.