रिअ‍ॅक्टमध्ये दर कंपोनंटला लोडिंग-एररचे तेच ते यूजस्टेट लिहिणं कसं टाळायचं?

डेटा, लोडिंग, एरर असे तीन यूजस्टेट आणि वर एक यूजइफेक्ट, हे सगळीकडे लिहीत बसू नका. सरळ टॅनस्टॅक क्वेरी ही सर्व्हरवरून डेटा आणणारी लायब्ररी घ्या. तिच्या यूजक्वेरी हुकला क्वेरी-की (त्या डेटाची ओळख) आणि डेटा आणणारं फंक्शन दिलं की तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात.

टायपिंग वाचतं हा त्यातला किरकोळ फायदा. खरी डोकेदुखी वेगळीच आहे: युजर प्रॉडक्ट 5 वरून पटकन 6 वर गेला आणि 5 चा रिस्पॉन्स उशिरा आला, तर क्लीनअप (जुनी रिक्वेस्ट बाद करणं) नसलेल्या इफेक्टमुळे 6 च्या पानावर 5 ची किंमत दिसते. प्रॉडक्टचा आयडी क्वेरी-कीमध्ये टाकला की हा घोळच होत नाही.

अडकायला मात्र दोन जागा आहेत. फेच 404 किंवा 500 ला स्वतःहून एरर देत नाही. रिस्पॉन्स डॉट ओके तपासून तुम्हीच थ्रो करा. आणि स्पिनर इजपेंडिंगवर लावा (डेटा अजून आलेलाच नाही; व्हर्जन 5 मधलं नाव), इजफेचिंगवर (रिक्वेस्ट चालू आहे) नको. स्टेलटाइम (डेटा किती वेळ ताजा मानायचा) मुळात 0 असतो, त्यामुळे टॅबवर परत आलं की रिफेच होतो आणि इजफेचिंगवर लावला असेल तर चांगली भरलेली यादी गायब होऊन स्पिनर फिरायला लागतो. उगाच!

एखाद्याच पानापुरतं काम असेल तर लायब्ररी कशाला, स्वतःचा छोटा हुक पुरे. फक्त त्यात जुनी रिक्वेस्ट रद्द करायला अबॉर्टकंट्रोलर घाला.